परळ ते गोवंडी : गर्भवतीच्या ताटाचा इतिहास

गर्भाचा मेंदू आईच्या अन्नावर पोसतो, हे सगळ्यांनाच ठाऊक असते. मात्र ताट आणि गर्भ यांच्यामध्ये आईचे आतडे असते आणि त्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात. खाल्लेल्यातले अंगी किती लागणार, कोणते जीवनसत्त्व तयार होणार, कोणती रसायने रक्तात उतरून वारेपर्यंत पोचणार, यात या जिवाणूंचा मोठा वाटा असतो. जिवाणूंची वस्तीही बाईच्या परिसराप्रमाणे बदलते: ती कोणते पाणी पिते, कोणत्या गटाराशेजारी स्वयंपाक करते, भाकरी खाते की पाव, यावर ती ठरते. म्हणून गर्भवतीच्या आहाराचा इतिहास लिहायचा तर तिच्या वस्तीचाही लिहावा लागतो. मुंबईत या विषयाचा अभ्यास जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी परळला सुरू झाला. त्याची आजची सर्वांत कठीण बाजू पाहायची, तर हार्बर मार्गावरच्या गोवंडी स्थानकात उतरावे लागते.

अभ्यास सुरू होण्याआधी रीतीभाती होत्याच. ‘डोहाळे’ हा शब्द संस्कृत ‘दौहृद’ या कल्पनेशी जोडला जातो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे म्हटले आहे. तेव्हापासून गर्भिणी दोन हृदयांची होते आणि तिची खाण्याची इच्छा ही गर्भाचीही इच्छा असते. पाचव्या महिन्यात मन आणि सहाव्यात बुद्धी जागी होते, असा क्रम त्याच ग्रंथात दिला आहे. आजच्या भ्रूणशास्त्राशी हे महिने जुळत नाहीत. तरी आईचे खाणे आणि मुलाचे मन एकाच ठिकाणी मांडण्याचा विचार त्यात स्पष्ट आहे. सातव्या महिन्यातले डोहाळजेवण हा त्याच विचाराचा घरगुती सोहळा: पाच-सात सवाष्णी, हिरवी साडी, ओटी, आणि गरोदर बाईच्या पुढ्यात तिला हवे ते. गोवंडीत मराठवाड्याहून आलेल्या घरांत हे जेवण होते, उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांत गोदभराई होते. सोहळा एका दिवसाचा असतो. बाकीच्या दिवसांवर राज्य असते ते ‘गरम’ आणि ‘थंड’च्या नियमांचे. पपई गरम, म्हणून वर्ज्य. कुणाकडे अंडे गरम, कुणाकडे केळे थंड. त्यात भर म्हणून अनेक घरांत सासू अजूनही सांगते की जास्त खाल्ले तर बाळ अंगाने मोठे होईल आणि बाळंतपण अडेल. ज्या काळात अडलेली बाई दवाखान्यापर्यंत पोचत नसे, त्या काळात या सल्ल्यामागे खरी भीती होती. भीतीचे कारण कमी झाले, सल्ला मात्र टिकून राहिला.

१९२० च्या दशकात मुंबईत गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने दगावत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी होत, पण आकाराने मोठ्या. चेहरा पांढराफटक पडे, पायांवर सूज येई, धाप लागे, आणि बाळंतपणाच्या आसपास मृत्यू येई. गिरणीत काम करणाऱ्या आणि चाळींत राहणाऱ्या गरीब बायकांमध्ये हा आजार वारंवार दिसे. विमेन्स मेडिकल सर्व्हिसच्या डॉ. मार्गारेट बाल्फर मातामृत्यूंची चौकशी करत होत्या. त्यांच्या बोलावण्यावरून १९२८ मध्ये लंडनच्या डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत कामाला लागल्या. पैसा इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा होता. हीच संस्था पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली.

पंडुरोगामागे आतड्यातल्या जिवाणूंचे विष असावे, हा विचार तेव्हाच्या वैद्यकात बराच रुजलेला होता. त्यामुळे संसर्ग आणि आहार हे दोन्ही रस्ते तपासणे भाग होते. विल्स आणि त्यांच्या सहकारी डॉ. तळपदे यांनी मुंबईतल्या बायकांची जी पाहणी १९३० मध्ये प्रसिद्ध केली, तिच्या मथळ्यातच आहार आणि स्वच्छता हे दोन शब्द शेजारी-शेजारी होते. घरात काय शिजते आणि घर कशा जागी आहे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कामाचा भाग मानल्या. मुंबईच्या आरोग्याच्या इतिहासात या पाहणीला मोठे स्थान द्यायला हवे. यात रोगी एका खाटेवरची बाई नव्हती. तिची खोली, तिची चूल आणि तिची मोरीही तपासणीत आली होती.

पाहणीतून दिसले ते असे: आजार सर्वाधिक होता तो अत्यंत निकृष्ट आहार असलेल्या गरीब मुस्लिम बायकांमध्ये. तपासाचा काटा आहाराकडे वळला. मग उंदरांना आणि माकडांना तसाच आहार देऊन पाहण्यात आला आणि त्यांच्यातही रक्तक्षय झाला. उपाय म्हणून यकृताचा अर्क उपयोगी पडत होता, पण तो महाग होता. विल्स यांनी यीस्टचा अर्क वापरून पाहिला, तोच जो इंग्लंडमध्ये ‘मार्माइट’ या नावाने पावाला लावून खात. त्या चमचाभर काळ्या, खारट लेपाने माकडे सुधारली आणि बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झाले. यीस्टमध्ये नेमके काय आहे हे कुणाला सांगता येईना. काही वर्षे त्याला नुसते ‘विल्स घटक’ म्हणत.

तो घटक पुढे सापडला तोही जिवाणूंच्याच मदतीने. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातले मिचेल, स्नेल आणि विल्यम्स दुधात वाढणाऱ्या एका जिवाणूला जगायला काय लागते याचा शोध घेत होते. १९४१ मध्ये त्यांनी चार टन पालकातून तो पदार्थ वेगळा केला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड असे नाव दिले. परळच्या गरोदर बाईला जे हवे होते, त्याच गटातले द्रव्य त्या जिवाणूलाही हवे होते. पेशी दुभंगून नवी पेशी होताना डीएनए तयार करावा लागतो आणि त्यासाठी फोलेट लागते. गर्भात पेशी सर्वांत वेगाने दुभंगतात, म्हणून उणीव आधी तिथे जाणवते. आतड्यातले काही जिवाणू फोलेट स्वतः तयार करतात आणि त्यातला थोडा भाग मोठ्या आतड्यातून शरीरात शोषला जातो. चार टन पालकाची ही हकीकत वाचल्यावर गोवंडीतल्या बैंगनवाडीच्या हातगाडीवर दुपारपर्यंत कोमेजणाऱ्या पालकाच्या जुडीकडे पाहण्याची नजर बदलते. फोलेट नाजूक असते. भाजी शिळी झाली, चिरून धुतली किंवा फार वेळ शिजवून पाणी फेकले, की त्यातले बरेच निघून जाते.

मेंदूशी असलेला संबंध स्पष्ट व्हायला आणखी काही दशके लागली. १९६५ मध्ये हिबर्ड आणि स्मिथेल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी आईतील फोलेटची उणीव आणि बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतले दोष यांचा संबंध सुचवला. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या चाचणीचे निष्कर्ष दिले: आधी असे मूल झालेल्या बायकांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून फोलिक ॲसिड घेतले, तर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ व्या दिवसापर्यंत मिटते. पाळी चुकल्याचे बाईच्या जेमतेम लक्षात येते, तोवर ही मुदत संपत आलेली असते. नाव नोंदवायला ती दवाखान्यात जाते तेव्हा ती कधीच उलटून गेलेली असते. गरोदरपणात दिलेल्या गोळीने आईचे रक्त सुधारते, पुढच्या महिन्यांतल्या मेंदूच्या वाढीलाही आधार मिळतो, पण त्या पहिल्या चार आठवड्यांसाठी ती उशिरा पोचते.

भारतात लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी सरकारी कार्यक्रमातून १९७० पासून मिळू लागली. ती आवश्यकच होती आणि तिने असंख्य बायकांचे प्राण वाचवले असतील. पण तिच्याबरोबर एक वाटणीही झाली. १९३० च्या पाहणीत एकत्र असलेल्या आहार आणि स्वच्छता या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्यांकडे गेल्या. गोळी आरोग्य विभागाकडे, पोषक आहार १९७५ नंतर एकात्मिक बालविकास योजनेच्या अंगणवाडीकडे, पाणी जलखात्याकडे, कचरा घनकचरा विभागाकडे. बाईचे आतडे कोणत्याच खात्याच्या यादीत नव्हते.

या वाटणीचे परिणाम गोवंडीत उघडे दिसतात, कारण ही वस्ती शहराने नको म्हटलेल्या गोष्टींच्या आधाराने वाढली. विल्स मुंबईत उतरण्याच्या एक वर्ष आधी, १९२७ मध्ये, महापालिकेचे देवनारचे डम्पिंग सुरू झाले. खाडी, तिवरे, मिठागरे आणि कोळी-आगरी गावांचा हा भाग. इथे शहराचा कचरा येऊ लागला, त्यामागून त्यावर जगणारी माणसे आली. १९७१ मध्ये देवनारचा कत्तलखाना सुरू झाला. सत्तरच्या दशकात शिवाजी नगर आणि बैंगनवाडीत इतर ठिकाणच्या झोपड्या हटवून कुटुंबांना दलदलीत आखलेले भूखंड दिले गेले. आजही तिथले पत्ते रोड नंबर आणि प्लॉट नंबरने सांगतात. आणीबाणीत, १९७६ मध्ये, अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चीता कॅम्पला हलवले. बहात्तरच्या दुष्काळाने मराठवाड्यातून मुंबईत ढकललेल्या कुटुंबांपैकी अनेकांनीही अशाच वस्त्यांत बस्तान बसवले. पुढे डम्पिंगच्या कडेला रफी नगरसारख्या वस्त्या उभ्या राहिल्या. तिथली जमीनच लोकांनी राडारोडा आणि कचरा टाकून भरून काढली होती.

गावाकडच्या ताटात ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, ठेचा, रानभाजी, ताक होते. ते ताट भरलेले होते असे म्हणता येणार नाही, दुष्काळात तर ते रिकामेच होते. पण त्यात तंतू होते, आणि ताक-आंबिलीसारखे आंबवलेले पदार्थ होते. मोठ्या आतड्यातले जिवाणू तंतूंवर जगतात आणि त्यांपासून ब्युटिरेट, प्रोपिओनेट यांसारखी आम्ले बनवतात. ही आम्ले आतड्याचे अस्तर धड ठेवतात आणि रक्तातूनही फिरतात. शहरात सकाळ होते ती चहा आणि खारी, बटर किंवा पावाने. दळण आणायला आणि भाकरी थापायला वेळ लागतो. जरीकाम करणाऱ्या किंवा भंगार निवडणाऱ्या बाईकडे तो नसतो. मैदा स्वस्त आणि तयार मिळतो. जेवणाबरोबर घेतलेला चहा अन्नातले लोह पुरते शोषू देत नाही, त्यामुळे लोहाची तांबडी गोळी चहासोबत गिळली तर तिचाही उपयोग घटतो.

आणखी एक कारण कमी बोलले जाते. शौचालय सार्वजनिक असते, पैसे देऊन वापरायचे असते आणि रात्री तिथे जाणे धोक्याचे वाटते. म्हणून अनेक बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत आणि कमी जेवतात. गरोदर बाईला लघवीला वारंवार लागते, त्यामुळे हा उपास गरोदरपणातच सर्वांत कडक होतो. ताटात काय आहे याच्या याद्या पुष्कळ झाल्या आहेत. संध्याकाळी सातनंतर ताट का बाजूला सरकवले गेले, हेही त्याच यादीत हवे.

पाणी हा या इतिहासाचा दुसरा अर्धा भाग आहे. गल्लीतल्या नळाला ठरावीक वेळी पाणी येते. निळ्या प्लास्टिकच्या पिंपात ते साठवायचे. नळी गटारातून किंवा गटाराला लागून गेलेली. जिथे नळच नाही तिथे टँकर नाहीतर विकत. २००० नंतरच्या झोपड्यांना नळजोड नाकारण्याचे धोरण होते. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून त्यांनाही पाणी देण्याची व्यवस्था करायला महापालिकेला सांगितले. मैलामिश्रित पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की जुलाब झाले नाहीत तरी आतड्याचे अस्तर बिघडत राहते. अन्न शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे आखूड होतात आणि सूज कायम राहते. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानात राहायला गेलेल्या तरुण, धडधाकट अमेरिकी स्वयंसेवकांच्या आतड्यांतही असे बदल आढळले होते. मायदेशी परतल्यावर ते बदल हळूहळू भरून आले. दोष वंशात किंवा सवयीत नव्हता, जागेत होता.

महाराष्ट्रातल्या अभ्यासाने पुढे दुसऱ्या जीवनसत्त्वाकडे लक्ष वेधले. बी-१२ ना झाडे बनवतात, ना प्राणी. ते फक्त जिवाणू आणि त्यांच्या जवळचे सूक्ष्मजीव बनवतात. वेल्लोरच्या अल्बर्ट, मॅथन आणि बेकर यांनी १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की माणसाच्या लहान आतड्यातले काही जिवाणूही ते बनवू शकतात. पण त्या भरवशावर शाकाहारी बाईची गरज भागत नाही, हे पुण्यात दिसले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास सुरू केला. तिथे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते, फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचे पुरेसे होते. त्याच मुलांपैकी काहींची नऊ वर्षांची असताना बौद्धिक तपासणी झाली. गरोदरपणी ज्यांच्या आईचे बी-१२ फार कमी होते, त्यांची एकाग्रतेच्या आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही चाचण्यांत गती कमी पडली. मुंबईच्या पश्चिम उपनगरांतल्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार यांच्या नेतृत्वाखाली २००६ ते २०१२ दरम्यान ‘सरस’ प्रकल्प झाला. ६,५१३ बायकांपैकी निम्म्यांना गर्भ राहण्यापूर्वीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला एक तळलेला पदार्थ दिला, उरलेल्यांना बटाटा-कांद्यासारख्या कमी सत्त्वाच्या भाज्यांचा. गर्भ राहण्याच्या किमान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांच्या बाळांचे सरासरी वजन ४८ ग्रॅमने वाढले. गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आला. वजनातला फरक लहान आहे. पण पोषणासाठी लागणारी सामग्री परळच्या विल्स यांच्या वेळचीच होती, मंडईतली पालेभाजी, आणि ती योग्य वेळी देता आली.

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत जिवाणूंची ओळख प्रामुख्याने रोगजंतू म्हणूनच होती. पुढे त्यांची जनुके वाचता येऊ लागली आणि आहार व स्वच्छता हे दोन तुटलेले धागे पुन्हा एकत्र येऊ लागले. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीपासून शेवटच्या तिमाहीपर्यंत आईच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती पुष्कळ बदलते, हे २०१२ मध्ये फिनलंडच्या बायकांत दिसले. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हेलन व्हुआंग आणि एलेन सियाओ यांच्या गटाने गरोदर उंदरिणींच्या पोटातले जिवाणू नाहीसे केले. गर्भाच्या मेंदूत थॅलॅमसपासून बाह्यावरणाकडे जाणारे चेतातंतू नीट वाढले नाहीत, आणि जन्मलेल्या पिलांची स्पर्शाला प्रतिसाद देण्याची रीत बदलली. ठरावीक जिवाणू परत दिल्यावर, किंवा त्यांनी बनवलेली रसायनेच दिल्यावर, हे टळले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले की आईने तंतुमय अन्न खाल्ले की जिवाणूंनी बनवलेली प्रोपिओनेटसारखी आम्ले गर्भाच्या चेतासंस्थेच्या आणि चयापचयाच्या घडणीत भाग घेतात. हे उंदीर आहेत, माणसे नव्हेत, आणि गोवंडीच्या बाईला कोणते दही खा म्हणावे हे त्यातून अजून निघत नाही. पण आई, अन्न आणि जिवाणू यांची एक साखळी आहे आणि ती गर्भाच्या मेंदूपर्यंत जाते, एवढे त्यातून ठळक होते.

माणसांबाबत गोवंडीला सर्वांत जवळचा दाखला ढाक्याच्या मिरपूर या दाट गरीब वस्तीचा आहे. तिथल्या कुपोषित बालकांच्या आतड्यातली जिवाणूंची वस्ती वयाच्या मानाने ‘कच्ची’ असते, असे तहमीद अहमद आणि जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने दाखवले. मग हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि कच्चे केळे यांचे, जिवाणूंना पोसणारे मिश्रण तयार केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यावरच्या मुलांचे वजन नेहमीच्या पूरक आहारावरच्या मुलांपेक्षा चांगले वाढले आणि हाडे व चेतासंस्थेच्या वाढीशी जोडलेली रक्तातली काही प्रथिनेही वाढली. हे चारही पदार्थ शिवाजी नगरच्या कुठल्याही किराणा दुकानात आणि भाजीच्या गाडीवर मिळतात. चाचणी मुलांवर होती, गर्भवतींवर नाही. गर्भवतींसाठी असा प्रयोग इथे करण्याजोगा आहे.

गोवंडीत मोजमापाची उणीव नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आहे. गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. गर्भवतींमधल्या रक्तक्षयाचे आकडे याच रस्त्यावर जुळवले जातात: २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के, महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. गोळी सुरू होऊन तेव्हा अर्धे शतक झाले होते. २००९ च्या मुंबई मानवविकास अहवालात गोवंडी ज्यात येते तो एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली होता. पुढच्याच वर्षी रफी नगरात कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्या आल्या. २०१६ च्या जानेवारीत डम्पिंग अनेक दिवस जळत राहिले. २०२२ मध्ये गोवर आला तो इथूनच पसरला.

गर्भवतीला घरी न्यायचा कोरडा शिधा अंगणवाडीतून मिळतो. तो घरात आला की सगळ्या घराचा होतो. राज्यात २०१५ पासून अमृत आहार योजनेत गर्भवतीला रोज एक वेळचे ताजे, गरम जेवण मिळते, जे तिथेच बसून खायचे असते. पण ती योजना आदिवासी क्षेत्रांसाठी आहे. एम-पूर्व विभागात गर्भवती संध्याकाळचे ताट बाजूला ठेवते आणि पिंपातले पाणी उद्यासाठी राखते. देवनारचे डम्पिंग तिच्या दारापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही फार लांब नाही.